घरंदाज मतदारांची ही थेरं!

अहो, जनाची नाही तर मनाची तरी! ऑस्ट्रेलियातल्या मतदारांबद्दल बोलतेय मी. कशी छान दोन खानदानी घराणी होती तिथे: एक लेबर पक्षाचं, दुसरं लिबरल-नॅशनल युतीचं. आजोबा लेबरचे म्हटलं की नातूही लेबरचा, विचारायचं कामच नाही. १९५१ साली शंभरातली जवळपास ९८ मतं या दोन घरांतच पडली होती. आणि ३ मे २०२५ ला? जेमतेम ६६! म्हणजे दर तिसरा मतदार भलतीकडेच कुठेतरी जाऊन आला. वर मतदान केंद्राबाहेर उभं राहून, ब्रेडच्या तुकड्यात गुंडाळलेलं सॉसेज चवीनं खात होता. चेहऱ्यावर ओशाळल्याची खूण म्हणून नाही.

बरं, ‘घरात बसून राहिलो’ ही सबबसुद्धा नाही. केंद्रीय निवडणुकीत मतदान तिथे शंभर वर्षांपासून सक्तीचं आहे, टाळलंत तर २० डॉलर दंड. तेव्हा जे केलं ते शुद्धीवर, रांगेत उभं राहून, हातात पेन्सिल धरून केलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, असतील कुणी उनाड पोरं. अहो, कुठली उनाड? मेलबर्नचा कुयाँग मतदारसंघ घ्या. लिबरल पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेन्झीस यांची ही जागा. देश स्थापन झाला तेव्हापासून हा मतदारसंघ लिबरल किंवा त्यांच्या पूर्वजांच्या पक्षांखेरीज कुणाचा झाला नव्हता. तिथे २०२२ मध्ये मोनिक रायन नावाच्या, लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाई अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांनी जॉश फ्रायडनबर्ग यांना घरी बसवलं. फ्रायडनबर्ग म्हणजे कोण? देशाचे चालू अर्थमंत्री, पक्षाचे भावी नेते! त्याआधी २०१९ मध्ये सिडनीच्या वॉरिंगामधून माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांना झॅली स्टेगल यांनी पाडलं. या बाई वकील, आणि बर्फावरच्या स्कीइंगमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलेल्या. समुद्रकाठचे बंगले, महागड्या शाळा, दारात दोन गाड्या, अशी ही वस्ती. गरिबाघरी असलं काही घडलं असतं तर परिस्थितीला तरी दोष देता आला असता.

या अपक्ष बायकांना तिथे ‘टील’ म्हणतात. लिबरलांचा निळा आणि पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाचा हिरवा मिसळला की होतो तो मोरपिशी रंग. त्यांचं मागणं काय, तर हवामानबदलावर काही तरी करा, भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा आयोग आणा, आणि बायकांना जरा नीट वागवा. यात एवढं बंडखोर काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पण खरी मेख पुढेच आहे. वेंटवर्थमधून निवडून आलेल्या ॲलेग्रा स्पेंडर कोण? त्यांचे वडील लिबरल खासदार, आजोबा मेन्झीस यांच्या मंत्रिमंडळात मंत्री. पर्थच्या कर्टिनमधल्या केट चेनी कोण? आजोबा लिबरल मंत्री, काका लिबरल मंत्री. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन घर फोडलं नाही, माहेरच्याच लेकींनी चुली वेगळ्या मांडल्या. आणि हे तर ऐकाच: स्पेंडर यांच्या वडिलांची नॉर्थ सिडनीची जागा १९९० मध्ये कुणी घालवली होती? टेड मॅक नावाच्या एका अपक्षानं! बत्तीस वर्षांनी लेक अपक्ष म्हणून उभी राहिली आणि तिनं लिबरल खासदाराचीच जागा घेतली. असली गोष्ट मालिकेत दाखवली तर लेखकाला अतिशयोक्ती करतो म्हणून झोडपतील.

आपल्याकडे महाराष्ट्रात कसं, मतदार बिचारा जागच्या जागी असतो आणि आमदार रातोरात इकडचे तिकडे होतात. तिथे आमदार-खासदार त्या मानानं शहाणे, मतदार चळलेला. तसे हल्ली खासदारांनाही वारं लागलंय म्हणा. फातिमा पेमन २०२४ मध्ये लेबरमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला, तर डोरिंडा कॉक्स २०२५ मध्ये ग्रीन्सचं सामान आवरून लेबरच्या घरी राहायला आल्या.

आता मतदाराला एवढं धाडस येतं कुठून? तर चोरवाट आहे. तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर एका नावापुढे शिक्का मारून भागत नाही. सगळ्या उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहावे लागतात, एक, दोन, तीन, अगदी शेवटच्या नकोशापर्यंत. पहिल्या क्रमांकावर कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणजे दिवसभर ग्रीन्सबरोबर फिरा, अपक्षाबरोबर चहा घ्या, संध्याकाळी मत बहुधा मुकाट लेबरच्या नाहीतर लिबरलच्या ओसरीवर येऊन बसतं. बाहेरख्यालीपणाला अशी कायदेशीर सोय करून देणारे देश फार थोडे.

आणि ही सोय केली कुणी? थोरल्यांनीच! १९१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वॉन पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मतं दोघांत फुटली आणि एडविन कॉर्बॉय हा लेबरचा बावीस वर्षांचा पोरगा साधारण एक तृतीयांश मतांवर निवडून आला. सरकारी पक्षाची झोप उडाली. आपल्या माणसांनी एकमेकांची मतं खाऊ नयेत म्हणून त्यांनी त्याच वर्षी ही पसंतिक्रमाची पद्धत आणली. आता त्याच दारानं पाखरं उडून जातात, तर गळा काढतात.

वरिष्ठ सभागृहांच्या भानगडी तर विचारूच नका. न्यू साउथ वेल्स राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी १९९९ मध्ये २६४ उमेदवार उभे होते. मतपत्रिका एवढी मोठी की लोक तिला टेबलावरची चादरच म्हणायला लागले. २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून रिकी म्युर नावाचे गृहस्थ केंद्रीय सिनेटमध्ये पोहोचले. पक्ष कुठला, तर मोटारप्रेमींचा. पहिल्या पसंतीची मतं ०.५१ टक्के. छोट्या पक्षांनी आपसात मतांची अशी काही देवाणघेवाण ठरवली होती की गाडी थेट संसदेच्या दारात. पुढे २०१६ मध्ये नियम बदलले, नाहीतर उद्या पतंगप्रेमींचाही सिनेटर झाला असता. आणि क्लाइव्ह पामर! खाणींचे मालक, टायटॅनिक पुन्हा बांधायला निघालेले. २०२२ मध्ये दहा कोटी डॉलरच्या वर उधळले, पदरात एक सिनेटर. २०२५ मध्ये दुसराच एक पक्ष हाताशी धरून अख्ख्या देशाच्या फोनवर संदेश पाठवले. मिळालं शून्य. मतदार चळला आहे हे खरं, पण पैशाला भुलत नाही, एवढं तरी त्याच्या बाजूनं बोलायला हवं.

ग्रीन्सचं मात्र वाईट वाटलं. २०२२ मध्ये त्यांना कनिष्ठ सभागृहात चार जागा मिळाल्या होत्या, त्यांतल्या तीन ब्रिस्बेनमधल्या. २०२५ मध्ये मतं तेवढीच, बारा टक्क्यांच्या आसपास, आणि जागा उरली एक. नेते ॲडम बॅन्ट मेलबर्नमध्ये पहिल्या पसंतीत पुढे होते, पण बाकीच्यांची मतं फिरून लेबरच्या सारा विटी यांच्याकडे गेली. विरोधी पक्षनेते पीटर डटन यांचीही जागा गेली. आणि लेबर? पस्तीस टक्केसुद्धा पहिली पसंती नाही, पण दीडशेपैकी ९४ जागा! लोकांनी पहिलं प्रेम दुसऱ्यांवर केलं आणि संसार लेबरचे पंतप्रधान अँथनी अल्बनीजी यांचा भरला.

आता सगळ्यांत खमंग. पॉलिन हॅन्सन. ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचमध्ये मासे आणि बटाट्याच्या तळणीचं दुकान चालवणाऱ्या. १९९६ मध्ये आदिवासींविषयीच्या वक्तव्यांवरून लिबरल पक्षानं त्यांची उमेदवारी काढून घेतली, पण मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. बाई निवडून आल्या, त्यांनी वन नेशन हा पक्ष काढला आणि १९९८ मध्ये क्वीन्सलंडच्या निवडणुकीत २२ टक्क्यांहून जास्त मतं आणि ११ जागा घेतल्या. मग तुरुंगवारी झाली, शिक्षा अपिलात रद्द झाली. संपलं म्हणत होते सगळे. त्या २०१६ मध्ये सिनेटमध्ये परतल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सिनेटमध्ये बुरखा घालून आल्या म्हणून कामकाजाच्या सात दिवसांसाठी निलंबित झाल्या. त्याच सुमारास त्यांनी आपल्या संसदेतल्या कार्यालयात सँडविच भाजायच्या यंत्रावर गोमांसाचे महागडे तुकडे भाजून एका पाहुण्याला जेवू घातलं. पाहुणा कोण? बार्नबी जॉइस, नॅशनल पक्षाचे माजी नेते, देशाचे माजी उपपंतप्रधान! डिसेंबरात स्वारी रीतसर वन नेशनमध्ये दाखल. सँडविचच्या यंत्रावर काडीमोड झालेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला. २०२६ उजाडता उजाडता काही जनमत चाचण्यांत वन नेशन पक्ष लिबरल-नॅशनल युतीच्याही पुढे दिसू लागला होता. आणि युती काय करत होती? आपसात भांडत होती. लिबरल आणि नॅशनल मे २०२५ मध्ये आठवडाभर वेगळे झाले, परत एकत्र आले, जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा वेगळे झाले.

या गदारोळात आपल्या माणसांचंही नाव निघालंच. लिबरल सिनेटर जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये असं सुचवलं की लेबर सरकार भारतीयांना मुद्दाम आणतंय, कारण ते लेबरला मतं देतात. माफी मागायला काचकूच केली, पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या सुझन ली यांना पाठिंबा द्यायलाही तयार नव्हत्या, तेव्हा त्यांना पुढच्या बाकावरून उठवलं. म्हणजे पाहा, कुयाँगच्या बंगल्यातल्या बाईनं मत फिरवलं तर तो लोकशाहीचा बहर, आणि सिडनीच्या हॅरिस पार्कातल्या जोश्या-पाटलांनी मत दिलं की ते कारस्थान. काही वर्षांपूर्वी लिबरलांचेच पंतप्रधान स्कॉट मॉरिसन घरी समोसे आणि आंब्याची चटणी करून फोटो टाकत होते ना? तेव्हा आपली मतं गोड लागत होती वाटतं.

शेजारणीपाजारणींनी आता एकच प्रश्न धरून ठेवलाय. मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते पसंतिक्रम सुचवणारी कार्डं वाटतात. २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या लिबरलांनी ठरवलं होतं, हॅन्सनबाईंना सगळ्यांत शेवटी टाकायचं. २०२५ मध्ये अनेक ठिकाणी त्याच पक्षाच्या कार्डावर त्या दोन नंबरवर होत्या. पुढच्या खेपेला हॅन्सनबाई आपल्या कार्डावर लिबरलांना कितवा नंबर देतील?