गडग्यापलीकडचे दात

"सुमे, सरबत घेतेस ना? की नुसता पेला धरून उभी राहणार?"

इंदूकाकू खळ्यात रातांबे फोडत होत्या. गडग्याच्या पलीकडून सुमनने पेला तोंडाला लावला आणि लगेच खाली घेतला.

"काकू, बर्फ घातलात हो. सणकन कळ गेली, पार कानापर्यंत."

"घ्या! म्हणजे तूसुद्धा. आमच्या भाऊंचं शिमग्यापासून तेच चाललंय. गार पाणी नको, फ्रीजमधलं ताक नको. गेले एकदाचे रत्नागिरीला दाताच्या डॉक्टरकडे. आम्हाला वाटलं दाढ किडली असेल. तर डॉक्टर म्हणाला, कीडबीड काही नाही, एवढं जोरात घासता कशाला?"

"भाऊ जोरात घासतात?"

"अगो, पहाटे न्हाणीघरातून आवाज येतो! ब्रश कडकच हवा. मऊ ब्रशने दात घासल्यासारखे वाटतच नाहीत त्यांना. वर्षानुवर्षं आडवा ब्रश मारून हिरड्या सरकल्या आणि दातांना मुळाशी खाचा पडल्या. एवढा टापटिपीचा माणूस, आणि ती टापटीपच नडली."

"आमची मुग्धा कालच हे सांगत होती."

मुग्धा म्हणजे सुमनची भाची. डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, सध्या आंबे खायला आलेली. समोरचा हसला की ती दात तपासायला लागते, म्हणून सुमनचे यजमान चार दिवस मिशीतल्या मिशीत हसताहेत.

"काय म्हणते ती?"

"दाताचं वरचं कवच असतं ना, इनॅमल, ते हाडाहून कठीण. पण ते हिरडीच्या कडेपर्यंतच. खाली मुळावर तसलं कवच नाही. हिरडी सरकली की मूळ उघडं पडतं. त्यात म्हणे डोळ्यांना दिसणार नाहीत अशा नळ्या असतात, हजारोंनी, आणि त्यांत द्रव. गार लागलं, नुसता वारा लागला तरी तो हलतो आणि आतल्या शिरेला कळतं. स्वीडनच्या कुणा ब्रॅनस्ट्रॉमने १९६०च्या दशकात हे दाखवून दिलंन."

"म्हणजे मी परकरात होते तेव्हा! आणि आमच्या वाडीत आत्ता पोचतंय. बरं, मग त्या देशमुखांच्या सुनेचं काय? तिचा ब्रश तर लोण्यासारखा मऊ."

"तिचं लिंबू! सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू पिळायचं, मोबाइल बघत घोट घोट घ्यायचं, आणि लगेच दात घासायला जायचं. आंबटाने कवच वरून मऊ पडतं, तेवढ्यात ब्रश फिरवला की ते झिजतं. आंबट पोटात गेल्यावर नुसती पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा तास ब्रशला शिवायचं नाही."

"वजन उतरलं का पण तिचं?"

"कुठलं!"

यावर दोघी पोटभर हसल्या. काकूंनी हसता हसता रातांब्याचा गर तोंडात टाकला.

"काकू, सकाळपासून कितवा हा?"

"मोजतंय कोण? आणि आगळ चाखून बघावं लागतंच की."

"जेवताना आंबट खाल्लंत तर लाळ सांभाळून घेते. असं दिवसभर चोखत बसलात तर तिला उसंत कधी मिळायची?"

"मग वरच्या आळीतल्या आजी बऱ्या म्हणायच्या. आंबट नाही, ब्रश नाही, नुसती मशेरी."

"त्यांच्या हिरड्या बघा जरा! दाढ दुखायची थांबते म्हणून मशेरी लावायला लागल्या, आता दुखणं राहिलं बाजूला आणि तंबाखू सुटत नाही. मुग्धाने त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा बघितला, तर घाबरून घरी आली. पुढच्या आठवड्यात नेणार आहेत तपासायला."

काकूंनी थोडा वेळ कोयती खाली ठेवली. मग विषय बदलावा तसं विचारलं, "ती टीव्हीवरची पेस्ट खरी का गो? माझ्या जावेने दोन दिवस लावलंन आणि ट्यूब दिलीन टाकून."

"दोन दिवसांत काय होणार? त्यातल्या पोटॅशियम नायट्रेटने आतली शीर हळूहळू शांत होते. दोन ते चार आठवडे रोज दोन वेळा लावावी लागते. आणि घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चुळा भरल्या तर औषध सगळं मोरीत. आमच्या ह्यांना मात्र पेस्टने भागायचं नाही. रात्री झोपेत दात कराकरा खातात, त्यांना दातांवर बसवायची पट्टी करून घ्यायला सांगितलंय."

"कराकरा? मला वाटायचं माडावर उंदीर आहेत."

"काकू!"

"बरं, एक विचारू?" काकू गडग्याला खेटून उभ्या राहिल्या. "गार लागून कळ आली आणि लगेच गेली, ती ही तुमची. पण गरम चहाने ठणका लागला आणि घटकाभर राहिलाच तर? रात्री झोप उडाली तर?"

"कोणाला होतंय?"

"असंच विचारते."

"मग ते वेगळं. त्या एकाच दाढेत आत शिरेपर्यंत काही पोचलंय. पेस्ट लावत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. कधीपासून लवंग दाबताय?"

काकूंनी गालातली लवंग जिभेने दुसऱ्या बाजूला सारली.

"रातांब्यांचा हंगाम संपू दे, मग बघू."

"हंगाम संपेतो पू होईल. परवा मुग्धाला रत्नागिरीला जायचंय, रिक्षा सांगितली आहे. तुम्ही चला बरोबर."

"आणि दाढ उपटलीन तर?"

"वाचण्यासारखी असली तर रूट कॅनाल करून वाचवतात हल्ली."

"जाऊ म्हणतेस? बरं." काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "पण वाडीत कोणाला बोलू नकोस हो. बँकेत चाललेय म्हणून सांग. आणि भाऊंच्या कानावर तर मुळीच नको, सगळ्या गावाला सांगत सुटतील."