निषेध करण्यापूर्वी बातमी वाचावी

छोट्या पक्षाची बातमी पेपरात दोनच कारणांनी येते. एक तर तो फुटला म्हणून, नाहीतर त्याने कुणाची तरी मते खाल्ली म्हणून. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांच्या जोडीला राज्यात ४० लाखांच्या घरात मते पडली. एवढी माणसे उन्हात रांगेला उभी राहिली ती कशासाठी, हे विचारायला फारसे कुणी गेले नाही. चर्चा एकच, की ही मते मुळात कुणाच्या मालकीची. जणू सातबारा काँग्रेसच्या नावावर होता आणि वंचितने बांध कोरला!

गणपतराव देशमुख सांगोल्यातून शेकापच्या तिकिटावर अकरा वेळा निवडून आले. पेपरांनी त्यांचा एसटीचा प्रवास मनापासून टिपला. पण नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांत ते वर्षानुवर्षे कृष्णेचे पाणी मागत होते, तो विषय त्या मानाने मागेच पडला. पाण्यापेक्षा एसटीचा फोटो चांगला येतो.

तेव्हा छोट्या पक्षांची पेपरांबद्दलची तक्रार खरी आहे. म्हणून तर ती करणाऱ्यांकडे पाहून जीव कासावीस होतो.

आमच्या ओळखीचे एका छोट्या पक्षाचे प्रवक्ते आहेत. परवा त्यांनी एका बातमीवरून ‘विकाऊ मीडिया’चा जाहीर निषेध केला. बातमी वाचली का, विचारले, तर म्हणाले, “वाचण्यासारखं असतं काय त्यांच्यात?” मग त्यांनी तालुका वार्ताहराचा मोबाइल नंबर सगळ्या ग्रुपवर टाकला. बिचारा तुटपुंज्या मानधनावर बातम्या देतो, वर जाहिरातीही गोळा करतो. शीर्षक दिले होते शहरातल्या उपसंपादकाने, धोरण ठरवले होते मालकाने. मालकांना मात्र वर्धापनदिनी पक्षातर्फे शाल-श्रीफळ गेले.

यावर आम्ही त्यांना एक आचारसंहिता करून दिली. बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. कात्रण तारखेसह दाखवावे. राग शीर्षकाचा असेल तर वार्ताहराच्या घरी फोन करू नये. आणि ‘विकाऊ’ म्हणायचेच असेल तर २००९ ची विधानसभा आठवावी. त्या वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी वेगवेगळ्या पेपरांतली कात्रणे शेजारी-शेजारी ठेवून दाखवली होती. एकाच नेत्याचे तेच गुणगान, शब्दन्‌शब्द तेच! बातम्यांचे पॅकेज विकत घ्यायला पैसे नसलेल्या उमेदवारांचे नावही छापून येत नव्हते, हेही त्यांनीच लिहिले. छोट्या पक्षांची याहून नेमकी बाजू क्वचितच कुणी मांडली असेल, आणि त्यात शिवी एकही नव्हती. प्रेस कौन्सिलने पुढे चौकशी केली. कौन्सिलच्या हाती कानउघाडणीपलीकडे काही नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रवक्त्यांनी इथपर्यंत मान डोलावली. घोडे अडले शेवटच्या कलमावर: आपल्या फायद्याची चुकीची बातमी आली, तरी खुलासा पाठवावा.

“म्हणजे सभेला पाचशे लोक असताना पेपराने पाच हजार छापले, तर ते आम्ही कळवायचं?”

“हो.”

“आणि मोठे पक्ष कळवतात का?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आज सकाळी त्यांच्या पक्षाने आमचाही निषेध केल्याचे पत्रक आले. त्यात आमचे आडनाव चुकले आहे आणि सदर दुसऱ्याच पेपरातले आहे.