शेरेबहाद्दर

शेरेबहाद्दर : तेव्हा त्या प्रकरणी माझे मत असे नोंदलेले आहे की, ओपनएआयच्या संचालक मंडळाने मुख्याधिकारी सॅम ऑल्टमन यांस १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, मंडळाशी ते पुरेशा मोकळेपणाने वागत नाहीत या कारणावरून पदच्युत केले, ही गोष्ट संस्थेच्या शिस्तीच्या दृष्टीने सर्वथैव स्तुत्य होय.

शेजारी : आणि त्याच्या खालच्या ओळीत?

शेरेबहाद्दर : खालच्या ओळीत, पाच दिवसांच्या आत त्यांस सन्मानाने परत बोलाविले, ही गोष्ट संस्थेच्या भवितव्याच्या दृष्टीने सर्वथैव स्तुत्य होय.

शेजारी : म्हणजे काढणारेही शहाणे आणि परत घेणारेही शहाणे. मग मधल्या दिवसांत मूर्ख कोण होते, याची कोठे नोंद आहे काय?

शेरेबहाद्दर : मधल्या दिवसांचेही शेरे आहेत. मीरा मुराती यांची हंगामी नेमणूक झाली तेव्हा ‘योग्य निवड’. दोन दिवसांत त्यांच्या जागी एमेट शिअर आले तेव्हा ‘अधिक योग्य निवड’. मायक्रोसॉफ्टने ऑल्टमन यांस आपल्या पदरी घेण्याचे जाहीर केले तेव्हा ‘अपेक्षितच होते’. पुढे पावणेआठशेंच्या आसपास असलेल्या नोकरवर्गापैकी सातशेंहून अधिकांनी ‘आम्हीही निघालो’ असे सह्यांनिशी लिहून दिले, तेव्हा मात्र मला जेवणावरून उठून चोपडी काढावी लागली.

शेजारी : आणि खाडाखोड करावी लागली.

शेरेबहाद्दर : खाडाखोड नव्हे, दुरुस्ती. प्रत्येक दुरुस्तीच्या बाजूस माझी संक्षिप्त सही आहे. उभा जन्म पाटबंधारे खात्याच्या दप्तरात गेला आहे आमचा. पाहा की!

(चोपडी पुढे करतात. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, पूर्वी भुसाऱ्याच्या दुकानात असे तशी. पानावर शिसपेन्सिलीने आखलेले चार रकाने : अनुक्रमांक, कंपनीचे नाव, बातमीचा गोषवारा, शेरा. पहिल्या तिन्ही रकान्यांची मिळून जेवढी रुंदी, तिच्या दुप्पट चौथ्याची. गोषवाऱ्याची शाई निळी, शेऱ्याची तांबडी.)

शेजारी : या ठिकाणी गोषवाऱ्याचा रकाना कोरा दिसतो, आणि शेरा मात्र अर्धे पान.

शेरेबहाद्दर : ती बातमी वाचावयाची राहून गेली असावी. मथळा पाहिला होता.

शेजारी : ठीक. एकच शंका विचारतो. आपण दोघेही कचेरीत वाढलेली माणसे. कागदावर साहेबांचा शेरा पडला की तो बारनिशीच्या कारकुनाकडे येतो, त्याची नोंदवहीत नोंद होते, त्यावर जावक क्रमांक पडतो, आणि मग तो ज्याच्या नावचा असेल त्याच्याकडे, आज ना उद्या, निदान पावसाळ्यापूर्वी तरी पोहोचतो, एवढे आपण जाणतो. तर या शेऱ्यांचा जावक क्रमांक काय?

शेरेबहाद्दर : लोकमतास जावक क्रमांक लागत नाही!

शेजारी : लोकमतास लागत नसेल, पण कॅलिफोर्नियातल्या त्या मंडळाने सदाशिव पेठेचा अभिप्राय न मागवता पाच दिवसांत एकंदर तीन मुख्याधिकारी पाहिले, ही बाब आपल्या दोघांच्याही काळात लेखापरीक्षणात निघाली असती. बरे, पुढे चला. हे ॲपलचे काय आहे? फार जुने दिसते.

शेरेबहाद्दर : २०१६. आयफोनच्या सातव्या आवृत्तीतून त्यांनी कानात घालावयाच्या वायरीचे छिद्रच काढून टाकले, आणि वर त्यांच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून त्यास ‘धैर्य’ असे नाव दिले. मी तेथल्या तेथे शेरा मारला : ‘ग्राहक हे मुळीच सहन करणार नाही.’

शेजारी : कोणता ग्राहक?

शेरेबहाद्दर : मी.

शेजारी : तुमच्यापाशी तो फोन होता?

शेरेबहाद्दर : तो नव्हता. बंधूंनी वापरून दिलेला दुसरा होता.

शेजारी : मग सहन न करण्यात तुम्हांस कसलीच अडचण आली नसेल.

शेरेबहाद्दर : थट्टा करा. पण भल्या भल्या कंपन्यांचे भवितव्य या पानांत अगोदरच नमूद झालेले आहे, हे विसरू नका. एनव्हिडियाचे पान काढा.

शेजारी : काढले. तारीख २७ जानेवारी २०२५. गोषवारा : ‘चीनमधील डीपसीक या संस्थेने स्वस्तात कृत्रिम बुद्धीचे प्रारूप तयार केल्यामुळे एनव्हिडियाच्या समभागांत एका दिवसात १७ टक्के घसरण, बाजारमूल्यात सुमारे ६० हजार कोटी डॉलरांची घट.’ शेरा : ‘कंपनी संपली.’ एवढा मोठा आकडा, अमेरिकेच्या बाजारात एका दिवसात एका कंपनीने तोवर कधी गमावला नव्हता असा, आणि त्यावर दोनच शब्द! ॲपलच्या छिद्रावर तर पाऊण पान आहे.

शेरेबहाद्दर : त्या दिवशी तांबडी शाई आटली होती.

शेजारी : आणि ही संपलेली कंपनी जुलै २०२५ मध्ये जगातली पहिली चार लाख कोटी डॉलरांची कंपनी झाली, त्याचा शेरा?

शेरेबहाद्दर : ‘वरील शेरा कायम, मात्र संपणे तात्पुरते होते, हे अध्याहृत धरावे.’

शेजारी : हा शेरा त्यांस कळवलात का? बिचारे अजून चिप्स विकत बसले आहेत. जावक क्रमांक पडला असता तर थांबले असते.

शेरेबहाद्दर : तुम्हांस प्रगतीविषयी आस्थाच नाही. टंकलेखन यंत्र आले तेव्हाही तुम्ही बोरूच्या बाजूने बोलला असता.

शेजारी : बोलतोच आहे. अहो, २०२४ च्या जुलैतली ती गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी, काम काय तर इतरांच्या संगणकांचे रक्षण करणे. तिने रक्षणाचीच एक सदोष फाइल जगभर धाडली, आणि १९ तारखेस ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर माणसांच्या रांगा उभ्या, पडदे बंद, साहेब लोक हवालदिल. आणि मग आपल्या देशातल्या विमान कंपन्यांनी काय केले? हाताने लिहिलेले प्रवेशपत्र! नाव, विमानाचा क्रमांक, आसन, वेळ, सारे पेनाने. एका प्रवाशाच्या तशा प्रवेशपत्राचे छायाचित्र मला पुतण्याने दाखवले. अक्षर काही विशेष नव्हते, शिरोरेघेची सवय सुटलेल्या पिढीचे ते रोमन अक्षर; पण विमान उडाले.

शेरेबहाद्दर : हे मात्र खरे. मीही ते पाहिले. आसनाचा आकडा किती ठसठशीत काढला होता!

शेजारी : त्याखाली बारीक सही हवी होती.

शेरेबहाद्दर : आणि गोल शिक्का. शिक्क्याशिवाय कागद उघडा वाटतो.

शेजारी : तेच म्हणतो मी.

शेरेबहाद्दर : माझा शेरा आहे त्यावर. ‘अक्षम्य हलगर्जीपणा. जबाबदार इसमांवर तत्काळ कारवाई व्हावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल सादर करावा.’

शेजारी : आला अहवाल?

शेरेबहाद्दर : तुम्ही पुन्हा जावक क्रमांकावर येणार.

शेजारी : येत नाही. दुसरेच विचारतो. आपल्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी दिवाळीपासून गळते आहे, तिच्याविषयी या चोपडीत काही शेरा?

शेरेबहाद्दर : तो विषय नाजूक आहे. सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर राहतात.

शेजारी : म्हणजे सातासमुद्रांपलीकडच्या माणसास मूर्ख म्हणावयाचे, आणि जिन्यात भेटणाऱ्यास ‘काय, पाऊस बरा आहे’.

शेरेबहाद्दर : त्यास व्यवहार म्हणतात. आणि आमचे शेरे सर्व परदेशाविषयीच असतात असे समजू नका. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे असे सांगितले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर केवढी राळ उडविली! मी एकट्याने लिहिले : ‘शंभर टक्के सहमत. आळसाने देश बुडाला.’ १९८१ साली पत्नीकडून दहा हजार रुपये घेऊन याच पुण्यात ज्याने कंपनी उभी केली, त्यास बोलण्याचा अधिकार नाही तर कोणास?

शेजारी : त्यांस आहे. त्यांनी स्वतः केले, मग सांगितले. त्यात विवाद्य काय असेल ते असो, सांगणाऱ्याचे हात कामाने मळलेले होते. परंतु साडेदहास कचेरीत येऊन, टोपी खुंटीस अडकवून, कोणी विचारले तर ‘आत्ता येथेच होते’ असे उत्तर मिळावे एवढ्यासाठी ती तेथेच ठेवून, अकरा ते बारा समोरच्या हॉटेलात मिसळीची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी सत्तर तासांस सहमती दर्शवावी, हे म्हणजे एकादशीच्या माणसाने दुसऱ्याच्या पंगतीत वाढा वाढा म्हणून ओरडण्यासारखे झाले.

शेरेबहाद्दर : मिसळीस तुम्हीही असत होतात!

शेजारी : असे. मी सहमती दर्शविली नाही. असो, आज कशावर काम चालले आहे? शाई ओली दिसते.

शेरेबहाद्दर : २०२५ च्या जुलैतली टीसीएसची बातमी. त्या आर्थिक वर्षात एकूण नोकरवर्गाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार, अशी. मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतले. शेरा नुकताच पूर्ण झाला. वाचतो. ‘स्वागतार्ह. काळाबरोबर ज्यास बदलता येत नाही, त्याने जागा मोकळी करावी. नोकरी हे इनाम नव्हे.’

शेजारी : हे तुम्ही लिहिलेत?

शेरेबहाद्दर : का? भाषा चांगली उतरली नाही?

शेजारी : भाषा उत्तम आहे. माझा भाचा तुम्हांस ठाऊक आहे. हिंजवडीस जातो; जात होता. त्याची कंपनी ही नव्हे, दुसरी; नाव घेण्याचे कारण नाही. एकोणीस वर्षांची नोकरी. मागच्या महिन्यात एका दुपारी त्यास एका खोलीत बोलाविले. दोन माणसे बसली होती, दोघांनाही त्याने पूर्वी पाहिलेले नव्हते. म्हणाले, राजीनामा तुम्हीच लिहून द्या, म्हणजे अनुभवाचा दाखला स्वच्छ मिळेल. नाही दिलात तर आम्हांस लिहावे लागेल, आणि ते पुढच्या कंपनीस दिसेल. भाचा म्हणाला, हे मला लेखी द्या. ते म्हणाले, लेखी काही नसते. संध्याकाळी गळ्यातले ओळखपत्र काढून घेतले.

शेरेबहाद्दर : मला हे ठाऊक नव्हते.

शेजारी : तुम्हांस गोषवारा ठाऊक होता. अहो, मी मघापासून जावक क्रमांकावरून तुमची टिंगल करतो आहे. पण ज्या कागदावर क्रमांक हवाच होता, तो कागदच कोणी निर्माण केला नाही. तोंडी हुकूम! तुम्हांआम्हांस संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे कवच होते. दोषारोप ठेवल्यावाचून, खुलासा मागविल्यावाचून, चौकशी केल्यावाचून सहसा राज्यपालसुद्धा आपणांस घरी पाठवू शकत नव्हते, आणि चौकशी म्हटली की दहा वर्षे पगाराची निश्चिती. गिरणीतल्या कामगारासही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने महिन्याची लेखी नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार लिहून दिला. आणि याच्या नावापुढे ‘मॅनेजर’ लिहिलेले, म्हणून तो कामगार आहे की नाही यावरच वकील अडला. त्याच्या हाताखाली माणूस एकही नव्हता. नोकरी इनाम नव्हे म्हणता? आपली होती! सनद, मोहोर, निवृत्तिवेतन आणि महागाई भत्त्यासकट होती!

शेरेबहाद्दर : आवाज चढवू नका. तुमचेही एक पान आहे माझ्याकडे, लिहिलेले नाही एवढेच. पाडव्यास तुम्ही मला म्युच्युअल फंडाचे विवरण दाखविलेत, चौदा टक्के वाढले म्हणून पेढा दिलात. त्या विवरणात कोणकोणत्या कंपन्या होत्या? खर्च कापला, माणसे कमी केली, नफा वाढला, की तो पेढा तयार होतो. मी शेरा मारतो. तुम्ही पेढा वाटता. अधिक निरुपद्रवी कोण?

शेजारी : पैसे ठेवणे निराळे, आणि वर ‘स्वागतार्ह’ म्हणणे निराळे.

शेरेबहाद्दर : निराळे एवढेच, की मी तांबड्या शाईत लिहितो आणि तुम्ही पासबुकात.

शेजारी : बरे. मग एक करा. ती ओळ खोडा, बाजूस संक्षिप्त सही करा, आणि कंपनीच्या रकान्यात माझ्या भाच्याचे नाव घाला. गोषवारा मी सांगतो. त्यानंतर जो शेरा सुचेल तो लिहा. मी हरकत घेणार नाही.

शेरेबहाद्दर : या रकान्यात कंपनीचे नाव असते. माणसाचे नाही.

शेजारी : पाचवा रकाना आखा.

शेरेबहाद्दर : पानात जागा नाही.

शेजारी : शेऱ्याचा रकाना अरुंद करा!

शेरेबहाद्दर : असे मध्येच दप्तर बदलता येत नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे. आणि भाच्याचे म्हणाल, तर मला मनापासून वाईट वाटते; त्यास सांगा की एखादा नवा अभ्यासक्रम करावा, सध्या त्या कृत्रिम बुद्धीत... थांबा. (फोन नाकाशी धरतात.) गूगलने काहीतरी बंद केले म्हणे.

शेजारी : काय बंद केले?

शेरेबहाद्दर : ते अजून उघडले नाही. तांबडे पेन सरकवा जरा इकडे. पण करावयास नको होते.