वैशाखऱ्यात कॅटामरान दुरुस्त करण्याची सोपी रीत

अभिनंदन! तुम्ही फायबरची जुनी कॅटामरान घेतलीत आणि ती मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या पायथ्याशी, वैशाखऱ्याच्या शेतघरापुढे आणून टाकलीत. समुद्र लांब आहे म्हणून मन खट्टू करू नका. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल इथल्याच नाणेघाटाने जुन्नरला चढायचा. गलबतातला माल या वाटेने गेला, गलबत तेवढं यायचं राहिलं होतं. ती कसर तुम्ही भरून काढलीत. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून आहे. दुरुस्तीचा खर्च मोजायला तेच माप घ्या, वाटी-चमच्याने भागणार नाही.

कॅटामरान हा मुळात तमिळ शब्द. कट्टु म्हणजे बांधणं, मरम् म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने बांधायचे, सुटले की परत बांधायचे. फायबर आलं आणि ही सोय गेली. म्हणून हे मार्गदर्शन.

१. बोट मधोमध कापा.

दचकू नका, हे तुमच्याकडून झालेलंच आहे. तीस फुटी कॅटामरान सहज पंधरा फूट रुंद भरते, आणि रस्त्यावरच्या ट्रकला कायद्याने रुंदी मिळते २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. तेव्हा विकणारा म्हणतो, "कापून देतो की साहेब, जोडायला काय, फायबर तर आहे!" मलाही हेच सांगितलं होतं आणि मी वर त्याला चहा पाजला.

आता कापली कुठे ते पाहा. कॅटामरान म्हणजे दोन लांबोडी होडकी आणि मधला पूल. होडकी हे बैल आणि पूल हे जू समजा. लाटेवर एक बैल चढणीला, दुसरा उताराला, एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं आग्नेयेला. सगळी ओढाताण जुवावर येते. अख्ख्या बोटीत कापू नये अशी ती जागा, आणि कटरवाल्याला तीच आधी सापडते.

२. स्थानिक तज्ज्ञ गाठा.

गावात कोळ्यांची घरं आहेत हे कळताच मी हरखलो. चिवडा घेऊन गेलो, बोटीचे फोटो दाखवले. घरातले आजोबा बराच वेळ फोटो न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "आम्ही महादेव कोळी. डोंगरातले. तुम्हाला पाहिजेत ते खाली, वसईला." चिवडा मात्र ठेवून घेतला. बरोबरच केलं.

मग कल्याणहून फायबरवाला आणा. तो दारं करतो, टाक्या करतो, बागेतली हरणं करतो. त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे: "टाकीत पाणी आत, बोटीत बाहेर. बाकी सगळं सेम." हे वाक्य लिहून ठेवा.

३. बोट वाजवा.

आई बाजारात मडकं कसं वाजवून घ्यायची ते आठवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अंगभर टकटक करत फिरा. टणटणीत आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. भद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतला गाभा कुजलाय. जुन्या बोटींत दोन फायबरच्या पापुद्र्यांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड भरलेलं असतं. एखाद्या सैल बोल्टातून पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि शेवटी भिजलेल्या खारीसारखं होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

भद्द आवाजाच्या जागांवर खडूने खुणा करत जा. माझ्या बोटीवर संध्याकाळपर्यंत एवढा खडू झाला, की टणटणीत जागांवर खूण केली असती तर निम्मा वाचला असता.

४. भोक मोठं करा.

इथे नवशिक्यांचा धीर सुटतो. चिकित्सक लोकांचा नियम असा: पापुद्रा जेवढा जाड, त्याच्या बारा पट लांबीचा उतार चहूबाजूंनी घासायचा. पापुद्रा आठ मिलिमीटरचा असेल तर उतार शहाण्णव मिलिमीटरचा, जवळजवळ चार इंच. म्हणजे चार इंची भोक बुजवण्याआधी ते बारा इंची करायचं. कारण नव्या थराला जुन्यावर पाय रोवायला पसरट जागा लागते. उभ्या कडेला चिकटवलेला तुकडा बाटलीच्या बुचासारखा बसतो आणि तसाच निघतो.

तुम्ही चिकित्सक नाही. कड जराशी खरवडा आणि जेवायला जा.

घासलंच तर पूर्ण बाह्या आणि मास्क हवा. काचेची भुकटी अंगात शिरली की खाजकुयलीची शेंग मायाळू वाटते. अंघोळ आधी गार पाण्याने करा, गरम पाण्याने रंध्रं उघडतात आणि पाहुणे आत मुक्कामाला येतात. शेजारच्या मावशींनी मला शेण चोळायला सांगितलं. काचेला शेण चालतं का, हे विचारायला सुचलं नाही, आणि चोळून झाल्यावर विचारण्यात अर्थ नव्हता.

५. राळ कालवा.

दोन जाती आहेत. पॉलिएस्टर स्वस्त, इपॉक्सी महाग. जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरते, म्हणून जिथे जोर येतो तिथे जाणकार तीच वापरतात. फायबरवाला पॉलिएस्टर आणतो, कारण हरणांना तीच लागते.

पॉलिएस्टरबरोबर दोन बाटल्या येतात, हार्डनर आणि कोबाल्ट. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण मिसळायचं, हार्डनर मागाहून, शेकडा एक ते दोन. या दोन बाटल्यांची थेट गाठ घालून देऊ नका, भडका उडतो. या लेखातला हा सल्ला विनोदी नाही.

कालवायला श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम. थोडं थोडं कालवावं असं म्हणतात. मी वेळ वाचवायला एकदम किलोभर कालवलं. राळ घट्ट होताना तापते, आणि ढीग जेवढा मोठा तेवढी जास्त. आधी डब्याची एक बाजू हळूच खाली वाकली, झोप अनावर झालेल्या माणसाच्या मानेसारखी. मग पिवळट धूर निघाला. मग आत ब्रश उभाच्या उभा थिजला. तो डबा माझ्याकडे अजून आहे. सगळ्या कामात पक्का जोड तेवढा एकच बसला.

६. मुहूर्त पाहा.

कोकणात जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमा तोंडावर, त्यामुळे डागडुजी ठरल्या वेळेत उरकते. तुम्हाला घाई नाही. भर आषाढात, माळशेजचा ढग अंगणात उतरलेला असताना काम काढा. ओल्या फायबरवर राळ धरत नाही आणि इपॉक्सीवर दमट हवेत तुपकट साय येते. ती पाण्याने घासून न काढता पुढचा थर चढवला तर तो सायीला चिकटतो, बोटीला नाही. पण ओलाव्याला दोष देता येतो. ही सोय एप्रिलमध्ये नसते.

७. पुट्टी.

आता खरी कला. पुट्टीत ताकद नसते, ती पृष्ठभाग सपाट करण्यापुरती. म्हणूनच ती भरपूर लावा. बोटीतला जोर ज्या जागांतून वाहतो त्या सगळ्या पुट्टीने झाका, पॉलिश पेपर मारा, वर पांढरा रंग, बाजूला निळी पट्टी. फोटो काढून नातेवाइकांना पाठवा. माझ्या मेव्हण्याने "वा, नवीन घेतली?" असं विचारलं, तो दुरुस्तीचा सर्वोच्च क्षण. तिथेच थांबायला हवं होतं.

प्रेरणा हवी असेल तर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली म्हादेई आठवा. दिलीप दोंदे २००९च्या ऑगस्टमध्ये तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून २०१०च्या मे महिन्यात परतले. त्या बोटीला पुट्टीखाली बोटही होती, एवढाच काय तो फरक.

८. जलावतरण.

भातसा, तानसा शेजारच्या शहापुरातच, पण ते पाणी मुंबईकर पितात आणि त्यात तुमची बोट विरघळलेली त्यांना खपणार नाही. काळू धरण होईल तेव्हा बघू, असं गमतीत म्हणू नका. ज्यांची घरं त्या पाण्याखाली जायची आहेत ती माणसं इथेच राहतात. मी एका ओट्यावर म्हटलं. चहा आला नाही.

तेव्हा पाऊस तुमच्याकडे येईपर्यंत थांबा. माझ्याकडे तो एका रात्रीत आला. सकाळी दोन्ही होडकी काठोकाठ भरलेली. उजव्या होडक्यातून थेंबही गळत नव्हता, फायबरवाल्याच्या टाक्या चांगल्या असतात हे कबूल. डाव्यातून, निळ्या पट्टीच्या बरोबर खालून, करंगळीएवढी धार लागली होती. मी ग्राइंडर काढला, वायर जोडली. कुंपणापलीकडून मावशींनी हाक मारली. धार सरळ त्यांच्या काकडीच्या आळ्यात जात होती.

"दादा, पाऊस उघडला तरी आठ दिस पुरंल येवढं पानी हाय त्यात," त्या म्हणाल्या. "वेलाला आत्ताच फूल धरलंय. तेवढ्या भोकाला हात नको लावू."