दोन विहिणी, एक गाडी

अहो वहिनी, या ना जरा इकडे कुंपणाशी. मेथी इथंच निवडा, द्या दोन जुड्या माझ्याकडे. ऐकलंत का? आल्या बरं दोघी! काल रात्री. गाडी चाकापासून टपापर्यंत चिखलानं माखलेली, आणि तोंडावर थकवा म्हणाल तर नावाला नाही. मी आपली गच्चीवर कपडे काढत होते म्हणून दिसलं. रात्री साडेनवाला काढू नयेत का कपडे?

नाही हो, भांडण नाही झालं. तेच तर सांगतेय.

आपल्या हेडमास्तरीणबाई अमरावतीच्या, त्यांच्या विहीणबाई अकोल्याच्या. रुखवताच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, आणि त्या शालूचं तर मी नावही काढत नाही. अशा दोघी एका गाडीत, चांगल्या आठवडाभर! तेही पितृपक्षात. मी म्हटलं, अहो, निदान घटस्थापना तरी होऊ द्या. तर म्हणतात कशा, 'नवरात्रात अंबादेवी सोडून जाता येत नाही, म्हणून आत्ताच.' निघताना काका फाटकाशी बनियनवर उभे. 'मंग माह्या जेवणाचं काय?' 'फ्रिजमध्ये भाजी आहे, कुकर तुम्हाले लावता येते,' म्हणाल्या आणि काच वर केली. काकांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही!

आणि स्टेअरिंगवर कोण? विहीणबाई! मुलीची आई गाडी हाकतेय आणि मुलाची आई शेजारी बसून उजवीकडे-डावीकडे सांगतेय. बँकेतून रिटायर झाल्यावर शिकल्या म्हणे. आमच्या ह्यांना चाळीस वर्षं स्कूटर येते, पण रिव्हर्स... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, परतवाड्यावरून चिखलदरा. आता चिखलदरा म्हणजे भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं ती जागा. कॉलनीत सगळ्यांना वाटलं, देवी पॉइंटवरून एकच परत येणार. माझ्या नणंदेनं तर पैजच लावली होती. कुणावर ते नाही सांगत. आणि या काय करतात, तर धुक्यात बसून रबडी खातात! हेडमास्तरीणबाई पडल्या इतिहासाच्या. गाविलगडाच्या दाराशीच तास सुरू केला. डिसेंबर 1803, इंग्रजांचा तो वेलस्ली, नागपूरकर भोसल्यांचा किल्ला, तोफा... विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'झालं असन तर कॉफी घेऊ का? इथलीच पिकते म्हणतात.' कुणाची टाप होती हो शाळेत असं बोलायची! पण बाई हसल्या. मला खरंच वाटेना. धुणंवालीनं शपथेवर सांगितलं, ती सकाळी आधी त्यांच्याकडे असते ना.

तिथून सेमाडोह, कोलकास. सागाला फुलं आलेली, सिपना दोन्ही काठ भरून, रस्त्यावर वानरं, आणि माणूस म्हणाल तर एखादा कोरकू गुराखी. व्याघ्रप्रकल्प आहे तो, देशात पहिल्यांदा 9 झाले त्यातला एक, 1973-74 चा. वाघ दिसला का विचारलं तर म्हणे पाऊल दिसलं. दिसलं असेल बाई. पुढे हरिसाल, ते 2016 ला डिजिटल केलेलं गाव, आणि धारणीवरून खंडवा. विहीणबाईंना तिथं अकोला-खंडवा मीटरगेज आठवली. धुळघाटला ती गाडी वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून जायची. लहानपणी खिडकीतून खालचे रूळ बघून ओरडायच्या म्हणे. 2017 पासून बंदच आहे ती, ब्रॉडगेज वाघांच्या जंगलातून न्यायची की बाहेरून यावर किती काथ्याकूट झाला, पेपरात येतच होतं की. खंडव्याला किशोरकुमारच्या समाधीशी थांबल्या. हेडमास्तरीणबाई गुणगुणल्या! ज्यांनी गॅदरिंगमध्ये सिनेमाची गाणी बंद केली होती, त्या. माझी थोरली अजून नाव काढते.

पण खरी गंमत पुढेच आहे, वहिनी. हनुवंतियाला.

तुम्ही नाही गेलात ना? खंडव्याच्या पलीकडे, इंदिरासागर धरणाचं पाणी. पाणी कसलं, दर्याच! देशात सगळ्यात जास्त पाणी साठवणारं धरण ते. मधे बेटंच बेटं, म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. नाववाला सांगत होता, इथं खाली गावं आहेत. 2004 साली हरसूद अख्खं शहर उठवलं, अडीचशेच्या आसपास गावं गेली. लोकांनी आपल्या हातानं घरं पाडून विटा, दारं, चौकटी नेल्या हो. ते ऐकून दोघी गप्पच बसल्या. मग हेडमास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, 'घर म्हणजे काय शेवटी, पोरं येतात तोवर घर. गेल्या दिवाळीत ती तुमच्याकडं रमली, म्हणून मी काही बोलली नाही.'

विहीणबाईंनी मान वळवली. 'माझ्याकडं?'

'मंग? मुलगा म्हणे, सासूबाईंचा पाय मुरगळला, अकोल्याले थांबा लागते.'

'माझा पाय? अवं माय! मला तर लेकीनं सांगितलं, सासूबाईंचं बीपी वाढलं, अमरावती सोडता येत नाही!'

'मले बीपी?' म्हणत बाई ताडकन उभ्याच राहिल्या. नाव डुगडुगली. नाववाला ओरडला, 'माताजी, बैठ जाइए!' आता बोला! पोरं ना अकोल्याला, ना अमरावतीला. दोघी आयांनी अनारसे करून डबे भरून ठेवलेले, आणि एकमेकींवर वर्षभर धुमसत बसलेल्या. 'माझा मुलगा ओढून घेतला' ही, आणि 'माझ्या लेकीला पाठवत नाही' ती. मग हिशेबच निघाला. गणपती, संक्रांत, ते बारसं... सगळीकडे तेच. शालूचंसुद्धा निघालं म्हणतात! दुकानातून परस्पर बदलून आणणारी ती लेकच. मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही?

दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर. नर्मदेतलं बेट ते, मांधाता म्हणतात. वर तो शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा, 2023 च्या सप्टेंबरात उभारलेला. बेटाला प्रदक्षिणा घातली, सातेक किलोमीटर आहे, दोघींचेही गुडघे ठणठणीत. मुरगळलेला पाय तर सगळ्यात पुढे! दर्शन झालं, पलीकडे ममलेश्वर झालं, आणि पुलावर उभं राहून पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. दोघींची तोंडं एकाच चौकटीत. पोरानं फोन उचलला आणि त्याचा रंगच उडाला हो. 'आई, तू... तुम्ही दोघी... कुठं?' 'सहज फिराले आलो. माह्या बीपीनंच गाडी काढली,' म्हणाल्या. मागून सून आली, पाहिलं, आणि उलट्या पावली परत गेली! मग म्हणे रेंज नाही, आवाज कटतोय. पुण्यात रेंज नाही आणि नर्मदेच्या मधोमध आहे!

परत येताना बुऱ्हाणपूर केलं. मुमताजमहल 1631 ला तिथंच गेली, तोही तास झालाच. काकांना तिथली मावा जिलेबी आणली. एवढ्या जिलेबीवर काका फुगा फुटल्यासारखे निवळले, पुरुषांचं काय घ्या.

थांबा, मेथी बास. जवळ या. आज सकाळी काय झालं माहितेय? पुण्याहून फोन आला, आवाज असा गोड, 'आई, यंदा दिवाळीला आम्ही नक्की येतोय.' बाई म्हणाल्या, 'अरे नको रे राजा, यंदा अकोल्याचा मान. तिकडंच जा.' आणि दहा मिनिटांनी अकोल्याहून लेकीला फोन, 'यंदा अमरावतीलाच जा बरं, सासूबाई वाट पाहतील.' आणि लोणारला खोली सांगून ठेवलीय दोघींनी, ऐन लक्ष्मीपूजनाची! काकांनासुद्धा अजून पत्ता नाही. तुम्ही आपलं कुणाला बोलू नका हं, मी अजून फक्त वरच्या मजल्यावर सांगितलंय.