कर्ण किती इंची?

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे. बगड खिडकी, चोर खिडकी, विठोबा खिडकी वगैरे खिडक्या. एवढ्या मोठ्या शहराला गोंड राजांनी पाचच खिडक्या का ठेवल्या असतील, याचा उलगडा मला परवा जटपुरा गेटजवळच्या एका लॅपटॉपच्या दुकानात झाला. पडद्यावर पाचाहून जास्त खिडक्या उघडल्या की आपण कुठून आत शिरलो आणि कशासाठी शिरलो, दोन्ही विसरायला होतं.

काउंटरवरच्या पोराने पहिला प्रश्न टाकला, "सर, वापर काय?"

"तेंदू," मी म्हणालो.

त्याने अदबीने विचारलं, "हे सॉफ्टवेअर नवीन आलंय का?"

बिचाऱ्याची चूक नव्हती. मी राहतो गडचिरोलीत आणि ग्रामसभांचे तेंदूपत्त्याचे हिशोब लिहून देतो. पूर्वी हे काम ठेकेदाराचा दिवाणजी करायचा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतःच करू लागल्या, तेव्हा त्यांना आपला दिवाणजी हवा झाला आणि मला काम मिळालं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे गोणीमागे सत्तर हजार पानं. हंगाम मे महिन्यात, जेमतेम दोन आठवड्यांचा. फळीवर, म्हणजे पुडे जमा करायच्या जागी, रोज कुणी किती पुडे आणले ते त्या दिवसाच्या रकान्यात लिहायचं. नाव, पंधरा दिवस, बेरीज, दर, रक्कम, सही. झाले वीस रकाने. जुन्या दिवाणजीची वही उघडली की हातभर पसरायची आणि वीसही रकाने एका नजरेत यायचे. माझा जुना लॅपटॉप उघडला की नवव्या दिवसापर्यंत यायचा. पुढे अंधार.

तो लॅपटॉपही आता म्हातारा झाला होता. साडेपंधरा इंची, अडीच किलोचा. बिजागरी तुटल्यामुळे झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेलं. मोटरसायकलवर पाठीला लावून धानोऱ्याकडे निघालो की अर्ध्या वाटेत माझा खांदाच माझ्याशी बोलेनासा व्हायचा. म्हणून ठरवलं, हलका घ्यायचा. आणि तिथेच संकटाला सुरुवात झाली, कारण हलकेही दोन जातींचे निघाले: चौदा इंची आणि सोळाच्या आसपासचे.

मला वाटलं, चौदा इंच म्हणजे रुंदी. मी खिशातली टेप काढून लावली, तर बारा आणि थोडं. दुकानदाराकडे संशयाने पाहिलं. तो म्हणाला, "सर, कर्णात मोजतात." म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरपं. शेतजमीन अशी मोजली असती तर आमच्याकडे प्रत्येक धुऱ्यावर भांडण लागलं असतं. पण महाभारतातला कर्ण जसा अंगावरचं कवचसुद्धा उतरवून देतो, तसा हा दुकानातला कर्णही भलताच दानशूर. चौदाचा १५.६ झाला, तर वाढ दिसते दीड इंचाची आणि क्षेत्रफळ वाढतं जवळजवळ चौथ्या हिश्शाने. मी आनंदून गेलो. चौथा हिस्सा जास्त म्हणजे माझे पुढचे चार-पाच रकाने अंधारातून उजेडात!

तेवढ्यात लेकीने हिरमोड केला. ती नागपुरात इंजिनिअरिंगला आहे आणि व्हिडिओ कॉलवरून खरेदीला हजर होती. "बाबा, दोन्हीवर ठिपके तेवढेच आहेत. १९२० बाय १०८०. मोठ्यावर जास्त नाही दिसणार, तेच मोठं दिसेल."

म्हणजे कणकेचा गोळा तोच, पोळी फक्त मोठी लाटलेली. वर तिने पुस्ती जोडली, की काही चौदा इंचींना उंचीत १२०० ठिपके असतात, त्यावर खाली पाच-सहा ओळी जास्त मावतात. पाच-सहा ओळी म्हणजे पाच-सहा घरं. दुकानदार मला वजन सांगत होता आणि मी मनात अख्खा टोला वसवत होतो.

त्या दिवशी काही न घेताच ऐंशी किलोमीटर परत आलो. हा निर्णय घरच्यांना विचारून घ्यायला हवा होता.

आमच्या जिल्ह्यात असं विचारायची एक नामांकित रीत आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की मेंढा-लेखा गाव येतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं ते हेच. २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं. तिथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेला. मी आमच्या घरी तीच पद्धत लावली. मेंढ्याने त्या पद्धतीने १,८०९ हेक्टरांचा कारभार चालवला. आम्हाला दीड इंचाला तीन रविवार लागले.

बायको मोठ्याच्या बाजूची. "अहो, तुम्हाला चाळिशी लागून आठ वर्षं झाली. लहान पडद्यावर तुम्ही काय लिहिता ते तुम्हालाच दिसत नाही." यात तथ्य होतं. सगळे रकाने मावावेत म्हणून मी अक्षरं सत्तर टक्क्यांवर आणायचो. इंग्रजीला ते सोसतं. आपल्या लिपीची अर्धी इस्टेट डोक्यावर आणि पायाशी असते, ती आधी जाते. पहिल्यांदा अनुस्वार उडतो, मग रफार, मग उकार. माझ्या यादीतल्या एका वर्षाबाई तीन हंगाम वषाबाई म्हणून मजुरी घेत होत्या.

लेक लहानाच्या बाजूची, कारण तो शेवटी तिच्याच बॅगेत जाणार हे तिने मनाशी ठरवलं होतं. माझ्या आईचं म्हणणं एवढंच, की झाकण घट्ट असावं, पाल शिरते.

वडशाचे साडू आले आणि सभेला रंग भरला. ते झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत आहेत. दिवाळी झाली की यांचा हंगाम सुरू, गावोगावच्या मंडईत रात्रभर नाटक. नट म्हणून नाहीत. पडदा ओढतात. त्यामुळे पडद्याच्या विषयात त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो.

"पडदा मोठाच पायजे जी!" ते म्हणाले. "मांगच्या मानसानं बी तिकिटाचे पैसे देले असते."

"भाऊजी, माझ्या लॅपटॉपसमोर मागचा माणूस नसतो. मी एकटाच असतो."

"फळीवर एकटेच बसता काजी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. आमच्या लाल परीत एका बाजूला तिघांचं बाक, दुसऱ्या बाजूला दोघांचं. मी मित्राचा १५.६ इंची उसना घेतला आणि गडचिरोली-चामोर्शी गाडीत मधल्या जागेवर बसलो. मांडीवर ठेवून झाकण उघडलं. पुढच्या बाकाच्या दांड्याला ते असं अडलं, की पडदा माझ्याकडे न पाहता स्वतःच्याच कळांकडे पाहू लागला. मोठ्या यंत्राला उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा असतात. हिशोबाला सोन्यासारख्या, पण त्यांच्यामुळे बाकीच्या कळा डावीकडे सरकतात. परिणामी माझं डावं कोपर खिडकीतल्या काकांच्या बरगडीत आणि उजवं शेजारच्या कोंबडीच्या टोपलीत. काकांनी चांगला खड्डाभर वेळ सोसलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या टीव्हीची पन तिकीट काढा."

लहानमोठ्याचा हा वाद आजचा नाही. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न १ नावाचा उचलून न्यायचा संगणक निघाला. उचलून न्यायचा म्हणजे अकरा किलोंचा, आणि पडदा केवढा? पाच इंच! एका वेळी ओळीतली बावन्न अक्षरं दिसायची, उरलेली पाहायला पडदा आडवा सरकवावा लागायचा. पुढल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ला, आपल्या शासनालाही हाच प्रश्न पडला असावा. जुना चंद्रपूर जिल्हा एका नजरेत मावेना, म्हणून त्याचे दोन करून गडचिरोली वेगळा काढला. तरी नवा जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांच्या वर भरला. मुख्यालयात बसून सिरोंचा पाहायचं तर अजूनही बरंच खाली सरकावं लागतं.

एसटीतल्या प्रयोगानंतर बायकोचं मन वळलं. साडूंचं वळलं नाही, पण त्यांना तालमीला जायचं होतं. चौदा इंची घेतला. वजन एक किलो चारशे. मोठा होता एक किलो सातशे. तीनशे ग्रॅम वाचवल्याच्या आनंदात मी चार्जर घेतला, आकड्यांच्या कळांची वेगळी पट्टी घेतली, माऊस घेतला, खालून वारा देणारा पंखा घेतला, आणि फळीवर वीज नसते म्हणून पॉवर बँक घेतली. घरी आल्यावर बायकोने पिशवी तांदळाच्या काट्यावर ठेवली. तीन किलो दोनशे. ती काही बोलली नाही. काट्याकडे बोट दाखवून आत गेली.

मग मे उजाडला. लॅपटॉपच्या सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, पस्तीस अंशांपर्यंत वापरावा. आमच्याकडे मे महिन्यात पस्तीस अंश हे सकाळच्या चहाचं तापमान आहे. पानं तोडायची पहाटे, पुडे बांधायचे सावलीत, आणि फळीवर आणायचे दुपारनंतर, म्हणजे पारा चव्वेचाळीसवर असताना. मी डहाळ्यांच्या मांडवात बसलो, झाकण उघडलं आणि पडद्यावर मला एक घामाघूम, चिंताग्रस्त माणूस दिसला. तो मीच होतो. उन्हाच्या झळीत चकचकीत पडद्याचा आरसा झाला होता. उजेड शंभर टक्क्यांवर नेला तरी रकान्यांऐवजी माझ्या भुवयाच दिसत होत्या.

शेवटी दुपट्टा डोक्यावरून घेतला, लॅपटॉपवर सोडला आणि आत तोंड घातलं. जुने फोटोवाले काळ्या कापडात शिरायचे तसं. आत भट्टी. खालचा पंखा गरम हवाच गोल फिरवत होता. बाहेरून पोरांचे आवाज येत होते. एक म्हणालं, फोटो काढून राहिले. पुड्यांच्या चट्ट्यापलीकडे चार जणी पदर सारखा करून, अवघडून उभ्या राहिल्या. मी डोकं बाहेर काढून "किती शेकडे?" विचारलं, तेव्हा त्यांची फार निराशा झाली.

हंगाम संपला. मजुरी वाटायच्या आधी हिशोब ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं. मी ऐटीत लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "या, आपापलं नाव बघून घ्या." आठ डोकी एकदम वाकली. पहिल्या दोघांना पडदा दिसला, बाकीच्या सहांना पहिल्या दोघांचे कान. मागून "काय दिसते?" अशी विचारणा झाली. पुढून "काही नाही दिसत" असं उत्तर गेलं. मला साडू आठवले. मागच्या माणसानेही तिकिटाचे पैसे दिले होते. त्याची तर पंधरा दिवसांची मजुरी होती. माझ्या एकट्याच्या मांडीसाठी निवडलेला पडदा साठ जणांना कसा पुरणार? सोळाचा असता तर दोघांच्या जागी तिघांना दिसलं असतं, एवढाच फरक.

कोपऱ्यातून एक म्हातारी आजी उठली. "बाबू, राहू दे तो डबा. वाचून सांग ना जी. आमचे डोरे गेले, कान हायेत."

मी वाचायला लागलो. नाव, पुडे, रक्कम. नाव, पुडे, रक्कम. विसाव्या-बाविसाव्या नावाला एक बाई उभी राहिली. "माहे इतके कसे? मी तीन दिवस लग्नाले गेली होती." लगेच चारी बाजूंनी साक्षी सुरू. हो, गेली होती. बुधवारी गेली, शनिवारी आली. लग्न कुठे होतं, जेवणात काय होतं, सगळं निघालं. मग तपासलं. यादीत एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन बाया, फरक फक्त मधल्या नवऱ्याच्या नावाचा. आणि पडद्यावर जास्त दिवस मावावेत म्हणून मी नावाचा रकाना इतका आवळला होता, की दोघींचेही नवरे पडद्याबाहेर पडले होते. सहा दिवस मी एकीचे पुडे दुसरीच्या ओळीत टाकत होतो. जिच्या नावावर जास्त लागले होते तीच पहिली उठली, कारण तिच्या डोक्यात तिचे पंधराही दिवस एका नजरेत मावत होते.

दुकानदाराने मला सांगितलं होतं, पडदा कर्णात मोजतात. ग्रामसभेनेही माझा हिशोब कर्णानेच मोजला. शाळेत संस्कृतच्या बाईंनी या शब्दाचा पहिला अर्थ शिकवला होता, तो मी गणिताच्या नादात विसरलो होतो.

नवा लॅपटॉप जूनमध्ये लेकीबरोबर नागपूरला गेला, ठरल्याप्रमाणे. मी जुन्याचं ट्यूबचं रबर बदललं आणि पुढच्या हंगामाचा तक्ता आताच आखून ठेवला. नावाचा रकाना ऐसपैस केला आहे. नवऱ्यासकट, अनुस्वारासकट, रफारासकट अख्खं नाव मावतं आणि मोठ्याने वाचता येतं. त्यापायी सातव्या दिवसापासून पुढचं सगळं पडद्याबाहेर गेलंय. ते बघायला सरकावं लागतं, सिरोंचासारखं.