रेकॉर्डिंग चालू असताना झूम होतो का?

खिशात मावेल आणि तरीही हाय डेफिनिशन चित्रण करील असा एखादा लहानसा कॅमेरा घ्यावा, ही इच्छा मनुष्याच्या मनात अंकुरते न अंकुरते तोच जे गृहस्थ, कोणी पाचारण केलेले नसताना, वाण्याच्या दुकानाशी त्याला गाठून त्याची चौकशी आरंभतात, त्या गृहस्थांची ओळख वाचकांना निराळी करून देण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक वसाहतीत त्यांची एक जागा मंजूर असते आणि ती सहसा रिकामी राहत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्या जागेवर भाऊसाहेब आहेत. सरकारी हिशेबतपासनिसाच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. परंतु इतरांच्या दप्तरांतील चुका हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याला इतरांच्या कॅमेऱ्यांतील उणिवा हुडकण्यास कितीसे सायास पडणार?

भाऊसाहेबांचे ज्ञान अस्सल आहे, आणि खरी अडचण तीच आहे. तोतया पंडिताला हसून वाटेला लावता येते. भाऊसाहेब बोलतात ते खरे निघते. पूर्ण एचडीचे एक चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम वीस लाख टिंबांचे, तेव्हा निव्वळ चित्रणासाठी चौदा मेगापिक्सेलांवर भाळणाऱ्याने आपली रक्कम कोणत्या खाती खर्ची टाकली, असे ते विचारतात. सामान्य कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असल्यामुळे सायंकाळच्या मांडवात वधूच्या मुखावर रवा पसरल्यागत दिसणारच, आणि २०१२ साली सोनीने आरएक्स१०० मध्ये त्याच्या चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर खिशात मावेल असा बसवला तो काही उगाच नव्हे, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले. आपली वीज पन्नास आवर्तनांची, म्हणून सेकंदाला पंचवीस किंवा पन्नास चित्रे घेणारे यंत्र पाहावे, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लपलपू लागते, हा त्यांचा इशारा ज्यांनी मानला नाही त्यांच्या घरची बारशी आजही लपलपत आहेत.

परंतु हा सर्व पूर्वरंग झाला. भाऊसाहेबांच्या उत्तररंगात एकच प्रश्न असतो: “रेकॉर्डिंग चालू असताना झूम होतो का?”

हा प्रश्न निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. कित्येक लहान कॅमेऱ्यांत चित्रण सुरू होताच भिंगाची मोटर जागच्या जागी गोठते. आणि ज्यांत ती हलते त्यांत तिची गुरगुर, मायक्रोफोन तिच्यापासून बोटभर अंतरावरच असल्याने, इमानेइतबारे ध्वनिमुद्रित होते. या द्विविध संकटातून ग्राहकाची मुक्तता करण्याचा विडा भाऊसाहेबांनी उचलला आहे. फोर्टातल्या बोरा बाजारात त्यांनी हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या दुकानांतून उपस्थित केला की, ते गल्लीच्या तोंडाशी दिसताच एक दुकानदार गल्ल्यावरून उठून आतल्या खोलीत जातो आणि नोकराकरवी आपण जेवावयास गेल्याचे कळवतो, मग सकाळचे साडेदहा का वाजलेले असेनात. शेजारच्या इमारतीतील जोशीकाकूंनी नव्या कॅमेऱ्याच्या खोक्याला हळदकुंकू वाहिले, आणि अक्षता पडण्यापूर्वीच दारातून तो प्रश्न आला. सोसायटीच्या चिटणीसांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मोसंबी घेऊन समाचारास गेलेले भाऊसाहेब डॉक्टरांनी डोळ्यात नवे भिंग बसवल्याचे ऐकून क्षणभर स्तब्ध झाले. ओठांशी आलेले शब्द त्यांनी मोठ्या निग्रहाने गिळले, हे खोलीतील प्रत्येकाने पाहिले.

कॅननच्या २०१० सालच्या एस९५ मध्ये चित्रण करताना ऑप्टिकल झूम चालत नसे. पुढच्या वर्षीच्या एस१०० मध्ये तो चालू लागला. ही सुधारणा म्हणजे आपल्या अर्जाचा जपानात झालेला निकाल होय, अशी भाऊसाहेबांची प्रामाणिक समजूत असून तिची रुजवात त्यांनी आमच्या गच्चीवर पेढे वाटून केली. पेढा तोंडात असतानाच त्यांनी पुढचा आक्षेप नोंदवला: झूम होतो खरा, पण मोटरीचा आवाज?

त्यांच्या विद्वत्तेचा कळस मात्र स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहावा. मुलांचे नाटक ऐन रंगात आलेले असताना एका बापाचा कॅमेरा एकोणतीस मिनिटांनी आपोआप थांबला. यंत्र बिघडले म्हणून तो बिचारा कपाळाला हात लावून बसला; तेव्हा भाऊसाहेबांनी, रंगमंचावर शिवाजीमहाराज बोलत असताना, त्याला युरोपच्या जकातीचे कलम समजावून दिले: सलग अर्धा तास वा अधिक चित्रण करणारे यंत्र तेथे तेव्हा व्हिडिओ कॅमेरा ठरत असे, त्यावर जकात वाढत असे, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली. डोंबिवलीतील अफझलखानाचा वध युरोपच्या जकातीपायी अर्ध्यावर राहिला, याचा त्यांना झालेला आनंद केवळ हिशेबखात्यातील मनुष्यालाच कळेल.

आमच्या पुतण्याच्या लग्नाचे चित्रण आमच्याकडे आहे. मंगलाष्टके चालू आहेत, अंतरपाट धरलेला आहे, आणि ‘सावधान’च्या पाठोपाठ एक खर्जातला आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो काय विचारतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या गृहस्थांच्या स्वतःच्या घरी कॅमेरा नाही. आवाज न करता झूम होणारा निघाला की घ्यावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. पुढे पोरासोरांच्या हाती चित्रण करणारे फोन आले आणि त्यांची मसलत कोणी घेईनासे झाले. त्यांच्याविषयी बरे लिहिण्याचा या लेखात इरादा नव्हता. परंतु एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. आपण सर्वजण चित्रण करतो आणि ते कोणीही पाहत नाही. पाहुण्यांना बळेच बसवले तर तिसऱ्या मिनिटाला एकाला चहा आठवतो आणि पाचव्याला दुसऱ्याला गाडी. भाऊसाहेब तेवढे शेवटपर्यंत पाहतात. माझ्या भाचीच्या भरतनाट्यमचे ते रटाळ, हलते, अंधारे चित्रण लावले असता दिवाणखाना हळूहळू रिकामा झाला. भाऊसाहेब चष्मा पुसून पुन्हा बसले. संपल्यावर तिला म्हणाले, “तिसऱ्या तुकड्यात डावा पाय चुकला होता, पण सावरलंस छान. कोणाला कळलं नसेल.” खरोखरच कोणाला कळले नव्हते, तिच्या गुरूंनाही नाही. आता ती प्रत्येक कार्यक्रमानंतर प्रथम त्यांनाच बोलावते, आणि बाबांनी कोणता कॅमेरा घ्यावा हा विषय मात्र त्यांच्यासमोर निघणार नाही याची कडेकोट खबरदारी घेते.